टी-शर्टांच्या घड्या घालण्याचा गुन्हा

गाडी सुरू करण्याआधी काकू एक प्रश्न विचारायच्या आणि उत्तर मिळाल्याशिवाय किल्ली फिरवायच्या नाहीत.

"आज ज्या गाण्यावर नाचायला चाललो, त्याचा अर्थ कोण सांगते?"

मागच्या सीटवर मी आणि माझी मैत्रीण तन्वी, आमच्या मागे शाळेच्या मार्चिंग बँडमधली आणखी दोन-तीन पोरं. अल्फारेटातल्या आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, तोंडाशी ती मरून मिनीव्हॅन उभी, इंजिन बंद, जॉर्जियाचा उन्हाळा आत शिरलेला.

"इट्स जस्ट अबाउट, लाइक, हेटिंग युअर बॉस," तन्वी म्हणायची.

"मराठीत."

"बॉसचा राग येतो."

"कोणत्या बॉसचा? तुझ्या बाबांचा मॅनेजर, का मॅनेजरचा मॅनेजर, का तो मालक, ज्याला कोणीच पाहिलं नाही?"

"काकू, यार, वी आर गोइंग टू बी लेट!"

"उशीर चालते. न समजता नाचणं चालत नाही."

मग कुणीतरी धडपडत दोन ओळींचा अर्थ लावायचं, काकू मान डोलवायच्या आणि गाडी निघायची. चॅटनूगा, बर्मिंगहॅम, अॅशव्हिल, एकदा तर थेट शार्लट. आमच्या लाडक्या बँडांमागे आम्ही असे दोन वर्षं फिरलो. बँडांची खरी नावं काकूंच्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून त्यांनी मराठी नावं ठेवली होती. 'रडके', 'टकल्याची मंडळी' आणि आमचे सगळ्यांत आवडते 'पिवळे मोजे'. फ्लोरिडाच्या त्या बँडचा ट्रॉम्बोनवाला कुठल्याही कपड्यांवर पिवळेच मोजे घालायचा.

स्का-पंक ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पंकची धावपळ, पंकचा आरडाओरडा, आणि त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजते. मी शाळेत ट्रॉम्बोन वाजवायचे आणि शाळेत ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या मुलीला कुणी विचारत नाही. या बँडांत मात्र तोच ट्रॉम्बोन घेऊन माणसं स्टेजवर उड्या मारत होती आणि मालकांना, पोलिसांना, घरभाडं वाढवणाऱ्यांना नावानिशी शिव्या देत होती. पंधराव्या वर्षी याहून जास्त काय हवं असतं?

काकूंना काय हवं होतं, ते कळायला मला वेळ लागला. पहिल्यांदा ते संगीत नीट ऐकल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मधल्या रिकाम्या जागेत हजेरी लावतात बापा ही पोरं. हे मला समजते."

काकू नागपूरच्या. तिथे कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि त्या डिपेंडंट व्हिसावर आल्या. या व्हिसावर बाईला इथे राहता येतं, गाडी चालवता येते, स्वयंपाक करता येतो, मुलं वाढवता येतात. नोकरी करता येत नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं मुलांना प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं, तिने आता दिवसभर दुकानांच्या सवलतीची कूपनं कापावीत अशी दोन देशांची मिळून अपेक्षा. काकूंना मूल नव्हतं. काका डेटाबेसमधले, अत्यंत सज्जन आणि अत्यंत दमलेले. आमच्या शाळेपुढच्या रस्त्यावर मी आणि तन्वी एका शोला कसं जायचं यावर रडकुंडीला आलो होतो, तेव्हा ही बाई गाडीची काच खाली करून म्हणाली, "कुठे जायचं आहे? मी कागदावर कोणाची तरी बायको आहे, पण रस्त्यावर ड्रायव्हर आहे."

त्यांचा पोशाख ठरलेला. कुर्ता, सलवार, पळायचे बूट आणि गळ्यात काकांचा जुना काळा-पांढरा चौकटींचा टाय. गळ्यात शिट्टी. कानात कापूस. बरोबर डब्यांची पिशवी. त्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. ते सगळं आमच्यासाठी असायचं, पण स्टेजमागे जाऊन त्या आधी बँडला द्यायच्या. "रस्त्यावरच्या माणसाला आधी," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. पिवळ्या मोज्यांचा गायक धपाट्याला 'द स्पायसी टॉर्टिया' म्हणायचा. काकूंनी त्याला तीन वेगवेगळ्या गावांत 'ध' म्हणायला शिकवलं. त्याला जमलं नाही. त्यांनी सोडलं नाही.

या शोंना दाराशी उभा असलेला माणूस एकवीस वर्षांखालच्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांवर काळ्या मार्करने मोठी फुली मारतो. म्हणजे बारवाल्याला कळतं, याला दारू द्यायची नाही. आमच्यामागे रांगेत उभ्या काकूही दोन्ही हात पुढे करायच्या.

"मॅम, तुम्हाला गरज नाही," तो हसून म्हणायचा.

"मला या देशात पुष्कळ गोष्टींची परवानगी नाही," काकू त्यांच्या स्वच्छ, कॉलेजातल्या इंग्रजीत सांगायच्या. "मार फुली."

त्या फुल्या दोन-तीन दिवस जात नसत. त्या तशाच हातांनी त्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांच्या हळदीकुंकवाला जायच्या आणि वाण घ्यायला हात पुढे करायच्या.

आणखी एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण काकू त्यावरच भाळल्या. स्टेजपुढे पोरं गोल फिरत नाचतात, धक्के देतात, एकमेकांवर आदळतात. बाहेरून पाहणाऱ्याला मारामारी वाटते. पण कुणी पडलं की त्याच क्षणी भोवतालचे सगळे थांबतात आणि पडलेल्याला उचलतात. कुणाला सांगावं लागत नाही. काकूंनी पहिल्याच शोमध्ये एक जाडजूड मुलगा धाडकन पडताना पाहिला आणि त्याला उचलायला आलेले हात पाहिले.  परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "आपल्या मंडळाच्या क्लबहाउसमध्ये मी हे कधी पाहिलं नाही."

बर्मिंगहॅमची दुपार मी जन्मभर विसरणार नाही. जुन्या गोदामाचा हॉल, एसी बंद पडलेला, आत शेकडो पोरं. हॉलच्या मालकाने बाथरूममधल्या नळाचं पाणी बंद करून ठेवलं होतं, म्हणजे पोरांनी बारवरच्या पाण्याच्या बाटल्या विकत घ्याव्यात. तन्वीला भोवळ आली. काकू बारपाशी गेल्या आणि नळाचं पाणी मागितलं. बारवाला म्हणाला, पॉलिसी नाही. मालकाला बोलवा म्हणाल्या. मालक बिझी आहे म्हणाला. मग काकू एका खुर्चीवर चढल्या आणि शिट्टी फुंकली.

ती शिट्टी ट्रम्पेटच्या वर गेली. बँड थांबला.

"तुम्ही आत्ता मालकाच्या विरोधात गाणं म्हणून राहिले ना?" काकूंनी भर गर्दीतून इंग्रजीत गायकाला विचारलं. "तो मालक इथेच आहे. त्याने पाणी बंद केलं आहे. आता पुढचं कडवं म्हणणार, का त्याच्याशी बोलणार?"

गायकाचा चेहरा लाल झाला. हॉलमधली सगळी पोरं 'वॉटर, वॉटर' ओरडायला लागली. पिवळ्या मोज्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि जाहीर केलं, की नळ चालू होईपर्यंत एक सूरही नाही. मालक लगबगीने अवतरला. नळ चालू झाला. काकू खुर्चीवरून उतरल्या, तन्वीला पाणी पाजलं आणि गायकाला म्हणाल्या, "हां, आता म्हण. आता ते गाणं तुझं झालं."

पुढच्या सगळ्याची सुरुवातही त्या दुपारीच झाली. बँडचे टी-शर्ट विकणाऱ्या पोराला उष्म्याने उलट्या होऊ लागल्या, म्हणून काकू त्याच्या टेबलामागे गेल्या. मागे कसल्या, टेबलावरच मांडी घालून बसल्या. आणि नागपुरात सीताबर्डीच्या साडीच्या दुकानात माणूस जशा एकावर एक साड्या उलगडून टाकतो, तसे त्यांनी टी-शर्ट झटक्यात उघडून गिऱ्हाइकासमोर टाकायला सुरुवात केली.

"आय जस्ट नीड वन," निळ्या केसांची एक मुलगी म्हणाली.

"पाहायला काय लागते? हा पाहा. हा तुमच्या रंगाला खुलेल. आईसाठी नाही घेत?"

मुलीने आईसाठीही घेतला. भोवती गर्दी जमली. प्रत्येक शर्ट पुन्हा घडी घालून जागच्या जागी. मी काकूंना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक सेंट घेतला नाही. बँड एक शर्ट भेट देत होता, तोही नाकारला. माप बसत नाही म्हणाल्या. बँडने त्यांचा फोटो काढून सोशल मीडियावरच्या आपल्या पानावर टाकला आणि खाली गमतीने लिहिलं, 'आमच्या नव्या मॅनेजरला भेटा. आजपासून कामावर.'

ही गंमत होती. अमेरिकेतल्या कुठल्याही माणसाने वाचून हसून सोडून दिली असती. पण ती आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली, आणि तिथे ज्या माणसांच्या ग्रीन कार्डाच्या फायली वर्षानुवर्षं अडकल्या आहेत, त्यांना 'आजपासून कामावर' हे शब्द गंमत म्हणून वाचताच येत नाहीत.

मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे अध्यक्षकाकाच म्हणायचो, त्यांचा मेसेज आला. डिपेंडंट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. आपल्या समाजाची बदनामी होते. सर्व पालकांनी खुलासा होईपर्यंत मुलांना सदर गाडीतून पाठवू नये. 'सदर गाडी'! त्या गाडीतून त्यांच्या सासूबाई विमानतळावरून घरी आल्या होत्या. तासाभरात लोकांनी काकूंबरोबरचे आपले फोटो काढून टाकायला सुरुवात केली. दिवाळीचे, सहलीचे, बारशाचे. जणू फोटोतली बाई स्पर्शाने व्हिसा नासवते. कुणीही, एकानेही, फोन करून विचारलं नाही, की काकू, पैसे घेतलेत का?

आता माझ्या बाबांविषयी. मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा पुण्यात कॉलेजात असताना एका संघटनेत होते. पिवळ्या-गुलाबी कागदावरची ती पत्रकं त्यांनी अमेरिकेला येताना बॅगेत भरून आणली. बाकीची मुलं अंकलिपीवर शिकली, मी 'बंधुभगिनींनो' या शब्दावर शिकले. त्यातलं एक पत्रक बाबांनी स्वतः लिहिलेलं. घरात बाया जे राबतात ते काम आहे, त्याला माया, सेवा, कर्तव्य अशी गोड नावं देणं ही चोरी आहे, असं त्यात छापलेलं. मला ते पाठ होतं. बाबा ते पाहुण्यांसमोर माझ्याकडून म्हणून घ्यायचे आणि कौतुकाने हसायचे.

मेसेज आल्यावर मी बाबांना म्हटलं, "तुम्ही ग्रुपवर लिहा ना काहीतरी."

बाबा म्हणाले, "आपली फाइल पेंडिंग आहे गं."

रविवारी दुपारी सबडिव्हिजनच्या क्लबहाउसमध्ये मंडळाची बैठक झाली. उपमा आणि चहा. काकूंना 'खुलासा करण्यासाठी' बोलावलेलं. काका शेजारी बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून. अध्यक्षकाकांचा स्वर मोठा समजूतदार होता.

"वहिनी, कुणाचा राग नाही तुमच्यावर. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर सांगा, की यापुढे त्या शोंना जाणार नाही आणि मुलांना नेणार नाही. विषय संपला."

"मी काय केलं?"

"काम केलं. फोटो आहे."

"टी-शर्टांच्या घड्या घातल्या."

"तेच ते."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मागच्या गणपतीला तुमच्या देवापुढे शेकड्यांनी मोदक होते. कोणी केले?"

अध्यक्षकाका चहात साखर ढवळत राहिले.

"दर रविवारी तुमच्या पोरांना बाराखडी कोण शिकवते? नाटकाचे कपडे कोण शिवते? तुमच्या बायका बाळंत झाल्या तेव्हा डिंकाचे लाडू कोणी पोचवले? तेव्हा माझा व्हिसा कोणाला आठवला नाही?"

"अहो, ती सेवा आहे," अध्यक्षकाका म्हणाले. "त्याची तुलना..."

मी उभी राहिले. सोळा वर्षांची होते, पण पत्रक पाठ होतं. माया, सेवा, कर्तव्य या गोड नावांची ओळ मी मोठ्याने म्हटली. सगळी म्हणून झाली नाही.

"खाली बस," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उपम्यातली मोहरी चमच्याने बाजूला करत होते.

मला आजही त्या मोहरीचा राग येतो.

काकूंनी मात्र हसून अध्यक्षकाकांकडे पाहिलं. "बरोबर आहे तुमचं. नियम म्हणजे नियम. मी आजपासून काम करणार नाही."

लोकांना हायसं वाटलं. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. त्यांना वाटलं, बाई शरण आली.

पुढच्या रविवारी मराठी शाळेत पोरं येऊन बसली आणि शिकवायला कुणी आलंच नाही. फोन केला तर काकू म्हणाल्या, "काम आहे ना ते. मला परवानगी नाही." नाटकाचे कपडे अर्धे शिवलेले, तसेच परत आले, सुया टोचलेल्या. विमानतळावरून कुणाचे तरी आई-वडील आणायचे होते, परवानगी नाही. गणपती जवळ आले तेव्हा अध्यक्षकाकांच्या बायको स्वतः काकूंकडे गेल्या. त्याही डिपेंडंट व्हिसावरच्या, पूर्वी मुंबईत बँकेत होत्या.

"वहिनी, तुम्ही नाही आलात तर मोदक आम्हालाच करावे लागतील हो."

"काऊन करता मग? तुमचा व्हिसा वेगळा आहे का?"

त्या बाई दारातूनच मागे वळल्या म्हणतात. घरी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, माझ्याही व्हिसात बसत नाही. मग दुसरी म्हणाली. मग तिसरी. ही बातमी व्हॉट्सॲपवर गेली नाही, बायकांच्या स्वयंपाकघरांतून गेली. त्या वर्षी क्लबहाउसच्या किचनमध्ये अध्यक्षकाका, सेक्रेटरी आणि दोन सीनियर आर्किटेक्ट उकडीचे चटके घेत बसले होते. एकालाही कळी पाडता येईना. शेवटी देशी ग्रोसरीतून फ्रोझन मोदक आणले आणि बाप्पापुढे ते अर्धवट गोठलेले ठेवले.

आज मंडळात ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात. 'त्या वर्षी काय फजिती झाली होती ना!' काकूंचा विषय निघाला की म्हणतात, फार मजेशीर बाई, जरा चक्रम. चक्रम! संप हा शब्द एकाच्याही तोंडून येत नाही. तो उच्चारला तर मोदक वळणाऱ्या हातांचं आपण काहीतरी देणं लागतो, हे कबूल करावं लागेल. काकू आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला असतात, वर्क परमिट आलं, कॉलेजात शिकवतात. फोनवर मी तावातावाने बोलायला लागले की म्हणतात, "किती राग धरून राहिली गं पोरी? सोड ना." मी सोडणार नाही. त्यांनी माफ केलं असेल, तो त्यांचा अधिकार. माझ्या वाटचं माफ करायचा अधिकार त्यांना मी दिलेला नाही.

त्या गणपतीतल्या रविवारी सकाळी पिवळे मोजे चॅटनूगाला होते. मला अर्थातच बंदी होती. तन्वीलाही. तरी काकूंची गाडी नेहमीच्या वेळेला आमच्या ड्राइव्हवेसमोर येऊन थांबली आणि एकदाच हॉर्न वाजला. त्या रिकामी गाडी घेऊनही गेल्या असत्या, मला खात्री आहे.

मी जिन्यावर बसले होते. बाबा कुर्ता घालून किल्ल्या शोधत होते. दुपारच्या आरतीचा मान आमच्या घराचा होता. आई खोलीतून आली. आरतीसाठी काढलेली जांभळी पैठणी नेसलेली, केसात गजरा. आई औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. इथे आल्यापासून तिने घर चालवलं आणि कधी एक शब्द बोलली नाही. त्या बैठकीतही नाही, त्यानंतरही नाही.

तिने माझा दंड धरला. "बूट घाल."

"आई?"

"घाल म्हटलं ना."

आम्ही दोघी बाहेर आलो. मी मागे बसले. आईने पुढचं दार उघडलं, पदर सावरला आणि आत बसली. काकूंनी तिच्या पैठणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

बाबा दारात आले. "अगं, कुठे? आरतीला आपलं नाव आहे!"

"तुम्ही करा," आई म्हणाली.

काकू हळूच म्हणाल्या, "वहिनी, तिथे फार आवाज असते बरं."

"असू दे," आई म्हणाली. "आमच्या घरी फार शांतता आहे." आणि तिने दार ओढून घेतलं.